आभासी राउटरची सिद्धता आणि चाचणीची प्रतीक्षा

राउटर म्हणजे लोखंडी कपाटात जखडून बसवलेली एक पेटी, ही समजूत आजही पुष्कळ अंशी खरी असली, तरी त्या पेटीतले सॉफ्टवेअर तेवढे वेगळे काढून एखाद्या सामान्य सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनच्या रूपाने चालवण्याची जी सोय गेल्या दोन दशकांत निर्माण झाली, तिने नेटवर्क सांभाळणाऱ्या अभियंत्यांच्या कार्यपद्धतीत मोठेच स्थित्यंतर घडवून आणले आहे. २००५ साली क्रिस्तोफ फियो यांनी डायनामिप्स हा प्रोग्राम लिहावयास घेतला आणि सिस्कोच्या ७२०० मालिकेतील राउटरचे हार्डवेअरच सॉफ्टवेअरमध्ये उभे करून दाखवले. त्याच्या पायावर जीएनएस३ हे चित्रमय साधन तयार झाले. आणि पुढे तर सिस्कोने सीएसआर १०००व्ही, जुनिपरने व्हीएमएक्स, अरिस्टाने व्हीईओएस अशा आभासी राउटरांच्या इमेज स्वतःच उपलब्ध करून दिल्या. परिणामी आज एखादी संरचना प्रत्यक्ष नेटवर्कवर लागू करण्यापूर्वी एक स्क्रिप्ट चार-सहा आभासी राउटर उभे करते, त्यांच्याशी संपर्क साधते, नवी संरचना चढवते, मार्गांची तपासणी करते आणि काम आटोपताच सारा पसारा मोडून टाकते. या साखळीतील जी कडी सर्वांत क्षुल्लक वाटावी, म्हणजे नुकत्याच सुरू केलेल्या राउटरशी पहिला संपर्क साधणे, तीच व्यवहारात सर्वाधिक वेळा तुटते. तिच्यासाठी आजवर कोणकोणत्या तजविजी झाल्या आणि त्यांतील कोणती कितपत ग्राह्य धरावी, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या दुखण्याचे लक्षण असे की, इमेज तीच, स्क्रिप्ट तीच, संरचना तीच असूनही चाचणी आज उत्तीर्ण होते आणि उद्या अनुत्तीर्ण. हा केवळ राउटरांचा दोष नव्हे. २०१४ साली इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी अपाचेच्या प्रकल्पांतील अशा लहरी चाचण्यांच्या दुरुस्त्या तपासल्या, तेव्हा ज्यांचे मूळ कारण निश्चित करता आले अशा १६१ दुरुस्त्यांपैकी सुमारे ४५ टक्के दुरुस्त्यांचे कारण एकच निघाले: दुसरीकडे चाललेले काम पुरे होण्याची योग्य वाट न पाहता पुढे जाणे. त्या प्रकल्पांत थांबावे लागत होते ते बहुधा क्षणभर किंवा काही सेकंद; राउटरच्या बाबतीत तोच कालावधी मिनिटांनी मोजावा लागतो, आणि म्हणून तोच दोष येथे अधिक उग्र रूप धारण करतो.

विलंबाची चिकित्सा करावयाची तर प्रथम तो कशाकशाचा बनलेला असतो हे पाहिले पाहिजे. क्यूएमूची प्रक्रिया सुरू होणे हे निमिषमात्राचे काम. परंतु तिच्या पोटात फर्मवेअर, मग बूटलोडर, मग कर्नल, मग संकुचित केलेल्या सॉफ्टवेअरची उकल, मग राउटरच्या डझनावारी प्रक्रियांचा आरंभ, अशी पायऱ्यांची मालिका सुरू होते. पहिल्याच बूटच्या वेळी तर एसएसएचच्या किल्ल्या नव्याने घडवाव्या लागतात आणि त्यांना यादृच्छिकतेचा पुरेसा साठा हवा असतो. २०१४ मधील लिनक्स ३.१७ आवृत्तीत आलेला गेटरँडम हा सिस्टिम कॉल तो साठा प्रथम सिद्ध होईपर्यंत मागणाऱ्याला थांबवून धरतो, आणि जिला कळफलक नाही, फिरती डिस्क नाही, अशा एकाकी आभासी मशीनमध्ये हा साठा सावकाश भरतो. यजमान सर्व्हरकडून यादृच्छिकता पुरवणारे व्हर्टिओ-आरएनजी हे आभासी उपकरण जोडले तर ही एक अडचण दूर होते. शिवाय कित्येक राउटर, संरचना सापडली नाही की ती नेटवर्कवरून आपोआप मिळवण्याच्या उद्योगास लागतात आणि तो उद्योग कोणीतरी थांबवीपर्यंत आपल्या ताब्यात येत नाहीत.

व्हीएमएक्सचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. तेथे एकच राउटर दोन आभासी मशीनांत विभागलेला असतो, एक नियंत्रणाचे आणि दुसरे पॅकेट पुढे धाडण्याचे. नियंत्रणाचे मशीन आधी उठते, लॉगिन देते, संरचनाही निमूटपणे स्वीकारते. परंतु दुसरे मशीन त्याच्याशी जोडले जाईपर्यंत ज्या इंटरफेसची संरचना आपण लिहिली तो इंटरफेस अस्तित्वातच आलेला नसतो. लॉगिन मिळाले म्हणजे राउटर सिद्ध झाला असे मानणारी स्क्रिप्ट येथे फसते. कालावधीच्या दृष्टीनेही एकसूत्रीपणा नाही. एफआरआरसारखे कंटेनरात चालणारे हलके सॉफ्टवेअर काही सेकंदांत उभे राहते, मध्यम आकाराच्या इमेज दोन-पाच मिनिटे घेतात, आणि सिस्कोच्या आयओएस एक्सआरव्ही ९००० सारखी अवजड इमेज दहा मिनिटांपलीकडेही जाऊ शकते. यजमान सर्व्हरवर केव्हीएमचे पाठबळ नसेल आणि प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरनेच भाषांतरित करावी लागत असेल, तर हे सारे आकडे अनेक पटींनी फुगतात.

या अनिश्चिततेवरचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे एक ठराविक काळ मुक्रर करून स्क्रिप्टला तितके सेकंद झोपवून ठेवणे. त्याचे आकर्षण उघड आहे: एक ओळ लिहिली की काम भागते. परंतु हा आकडा लिहिणाराच्या टेबलावरील मशीनचा असतो. चाचण्या चालवणारा सर्व्हर त्याहून संथ असला किंवा त्याच वेळी इतर चार चाचण्या तेथे चालू असल्या, की तो अपुरा पडतो. मग कोणीतरी तो दुप्पट करतो, पुढे आणखी कोणी त्यात भर घालतो, आणि अखेर वेगवान मशीनवरही प्रत्येक चाचणी निष्कारण दहा मिनिटे स्वस्थ बसून राहते. ज्या चाचणीचा निकाल अशा आकड्यावर अवलंबून असतो, ती राउटरची परीक्षा घेत नसून यजमान सर्व्हरच्या त्या दिवशीच्या प्रकृतीची परीक्षा घेत असते. तथापि ठराविक विलंबाला एक रास्त स्थान आहे. अनेक अवजड राउटर एकाच क्षणी बूट होऊ लागले की ते एकमेकांचे प्रोसेसर ओरबाडतात आणि सगळेच रखडतात. म्हणून त्यांचा आरंभ थोड्याथोड्या अंतराने करावा, यासाठी कंटेनरलॅब या साधनात प्रत्येक नोडपुरता आरंभ-विलंब सेकंदांत नोंदवण्याची सोय आहे. येथे विलंबाचा उपयोग भार वाटून देण्यासाठी होतो, सिद्धतेचा दाखला म्हणून नव्हे, आणि हा भेद ध्यानात ठेवला तर त्या सोयीला दूषण देण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी म्हणजे बावीस क्रमांकाचे पोर्ट उघडले की नाही हे पुनःपुन्हा पाहणे. झोपेपेक्षा ही पद्धत निश्चितच शहाणपणाची. पण तिच्यात एक फसवणूक दडलेली आहे, आणि ती अनुभवी माणसांनाही गोंधळात पाडते. क्यूएमूच्या वापरकर्ता-स्तरीय नेटवर्कमध्ये यजमान सर्व्हरवरील एखादे पोर्ट आतल्या राउटरकडे वळवले असेल, तर बाहेरून आलेली जोडणी प्रथम क्यूएमूच स्वीकारते आणि मग आत कोणी ऐकणारे आहे का याचा शोध घेते. म्हणजे राउटरचा कर्नलही अजून उठलेला नसताना पोर्ट पहिल्या क्षणापासून उघडे दिसते. डॉकरच्या पोर्ट-प्रॉक्सीमुळेही काही परिस्थितींत असाच आभास होतो. कचेरीचे दार शिपायाने उघडले म्हणजे मामलेदार आसनावर विराजमान झाले, असे समजून अर्ज पुढे करणाऱ्या पक्षकाराची जी गत होते, तीच या स्क्रिप्टची होते.

यावरचा उतारा एसएसएचच्या नियमांतच आहे. जोडणी झाल्यावर सर्व्हरने आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवावी आणि तिचा आरंभ विहित अक्षरांनी व्हावा, असा दंडक त्या प्रोटोकॉलमध्ये असल्यामुळे, ती ओळ हाती येईपर्यंत पोर्ट उघडे असूनही राउटर गैरहजर समजावा, हे धोरण सुरक्षित ठरते. अन्सिबलच्या वेट-फॉर या मॉड्यूलमध्ये पोर्टवरून आलेल्या मजकुरात विशिष्ट शब्द शोधण्याची सोय याच उपयोगाची. तर पॅरामिको ही पायथनची लायब्ररी या ओळीसाठी मुळात पंधरा सेकंद थांबते आणि ती न आल्यास बॅनर वाचता आला नाही अशी तक्रार नोंदवते. नवागतांना ही तक्रार एसएसएचच्या बिघाडाची वाटते. पुष्कळदा ती केवळ राउटर अजून उठलेला नाही एवढीच वर्दी असते. ओळखीच्या ओळीनंतर लॉगिन, लॉगिननंतर एखादी निरुपद्रवी आज्ञा आणि तिचे अपेक्षित उत्तर, अशी शिडी शेवटपर्यंत चढली तरच संपर्क झाला असे म्हणता येते. नेटकॉन्फ वापरणाऱ्यांनी तर आठशे तीस क्रमांकाच्या पोर्टवर राउटरचा नमस्कार-संदेश आणि त्यातील क्षमतांची यादी हाती आल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नये. एसएसएच तयार असून नेटकॉन्फची व्यवस्था मागाहून जागी होणे, ही नित्याची घटना आहे.

तिसरा मार्ग नेटवर्कला वळसा घालून थेट सीरियल कन्सोलवर जाण्याचा. त्याची परंपरा बरीच जुनी आहे: १९९० साली डॉन लिब्स यांनी एक्स्पेक्ट हे साधन जगापुढे ठेवले, तेव्हापासून पडद्यावर अमुक मजकूर दिसला की तमुक उत्तर टंकावे, ही रीत रूढ झाली. क्रिस्तियन लार्सन यांचे व्हीआरनेटलॅब या परंपरेतले आजचे उल्लेखनीय अपत्य होय. ते राउटरचे आभासी मशीन एका डॉकर कंटेनरात बसवते आणि आतली एक स्क्रिप्ट टेलनेटने कन्सोलला जोडून लॉगिन, प्राथमिक संरचना, एसएसएचची सुरुवात ही सारी कामे क्रमाने उरकते. कन्सोलचा मोठा गुण असा की बूटची प्रत्येक पायरी तेथे डोळ्यांना दिसते, आणि काही बिनसले तर कोठे बिनसले याचा लेखी पुरावा मागे राहतो.

त्याचे अवगुणही त्याच स्पष्टतेने सांगितले पाहिजेत. कन्सोलला उशिरा जोडले तर तोवर छापला गेलेला प्रॉम्प्ट परत येत नाही, आणि त्याची वाट पाहत स्क्रिप्ट निरर्थक थांबून राहते; म्हणून मधूनमधून रिकामे एंटर पाठवून राउटरला पुन्हा बोलते करावे लागते. पण हेच एंटर एखाद्या प्रश्नाला पडले तर नकळत भलतेच उत्तर दिले जाते. आयओएस प्रथम संरचनेचा संवाद सुरू करू का असे विचारतो, एनएक्स-ओएस आपोआप संरचना मिळवण्याचे काम थांबवू का असे विचारतो, आणि या प्रश्नांची उत्तरे विचारपूर्वकच द्यावी लागतात. कर्नलचे आणि प्रोटोकॉलांचे इशारे ऐन प्रॉम्प्टच्या मध्यभागी घुसतात व शब्द जुळवण्याचा डाव उधळतात. बूटच्या प्रवाहात लॉगिन हा शब्द एखाद्या सूचनेतही येऊ शकतो. तेव्हा जुळवणी ओळीच्या अखेरीस व नेमक्या स्वरूपातच करणे इष्ट. आणि प्रत्येक उत्पादकाचे बोलणे निराळे असल्यामुळे अशा स्क्रिप्टा आवृत्तीगणिक दुरुस्त कराव्या लागतात, ही तर कायमचीच डोकेदुखी.

मार्ग कोणताही स्वीकारला तरी प्रयत्न पुनःपुन्हा करावा लागतोच, आणि त्या पुनरावृत्तीचेही एक शास्त्र आहे. अपयशानंतर प्रतीक्षा दुप्पट करीत जाण्याची कल्पना ईथरनेटपासून सर्वांच्या परिचयाची आहे: टक्कर झाल्यावर यादृच्छिक काळ थांबावे, त्या काळाची कमाल मर्यादा दहाव्या प्रयत्नापर्यंत दुप्पट होत जावी, आणि सोळा प्रयत्नांनंतर नाद सोडावा. शेकडो ग्राहक एकाच सेवेवर तुटून पडतात तेथे हे तंत्र अमोल आहे. परंतु एकच चाचणी एकाच राउटरची वाट पाहत असताना त्याचे अंध अनुकरण केले, तर नुकताच एक प्रयत्न फसल्यावर लगेच राउटर सिद्ध होतो आणि स्क्रिप्ट मात्र पुढचे कित्येक सेकंद स्वस्थ बसून राहते. अशा ठिकाणी दोन ते पाच सेकंदांचे स्थिर अंतर पुरेसे असते. डझनभर राउटर एकत्र उठत असतील तर त्या अंतरात किंचित यादृच्छिकता मिसळावी, एवढेच.

याहून महत्त्वाचा भेद एका प्रयत्नाची मुदत आणि एकूण मुदत यांचा आहे. एकेका प्रयत्नाची मुदत थोडी ठेवावी, म्हणजे अर्धवट उघडलेल्या जोडणीवर स्क्रिप्ट अडकून पडत नाही. एकूण मुदत मात्र त्या इमेजचा सर्वांत संथ मशीनवरील काळ लक्षात घेऊन उदारपणे ठरवावी, कारण अट पूर्ण होताच प्रतीक्षा संपत असल्यामुळे त्या औदार्याचा भार वेगवान मशीनवर पडत नाही. व्हेग्रंट बूटसाठी मुळात तीनशे सेकंदांची आणि अन्सिबलचे संपर्काची वाट पाहणारे मॉड्यूल सहाशे सेकंदांची मुदत देते. अवजड राउटरांसाठी या मुदती अपुऱ्या ठरू शकतात, तेव्हा त्या इमेजनिहाय नोंदवून ठेवणे बरे. ही मुदत मोजताना घड्याळ एकदिशीय असावे, पायथनच्या ३.३ आवृत्तीपासून अशा घड्याळाची सोय आहे, आणि ती न वापरता भिंतीवरच्या घड्याळाने मोजले तर वेळ दुरुस्त होताच मुदत अकस्मात संपते किंवा लांबते.

पुनःप्रयत्न करताना सर्व अपयशांना एकाच मापाने मोजणे हीदेखील चूक होय. जोडणी नाकारली गेली, बॅनर आला नाही, जोडणी मध्येच तुटली, ही सारी अपयशे राउटर उठत असल्याची साक्ष देतात; तेथे थांबावे. पासवर्ड नाकारला गेला तर प्रकरण संदिग्ध असते: क्वचित वापरकर्त्यांची नोंद संरचनेतून अजून वाचली गेलेली नसते, पण बहुधा पासवर्डच चुकलेला असतो. अशा वेळी मोजक्या संधी देऊन थांबणे शहाणपणाचे, कारण वारंवार चुकीचे लॉगिन झाल्यास काही काळ सर्वांनाच मज्जाव करण्याची सोय आयओएससारख्या प्रणालींत असते, आणि उत्साही स्क्रिप्ट स्वतःच स्वतःला कोंडून घेते. नाव सापडत नाही किंवा इमेजच अस्तित्वात नाही, अशा अपयशांवर तर एकही सेकंद खर्च करू नये.

अलीकडे ही जबाबदारी चाचणीच्या स्क्रिप्टकडून काढून राउटर उभे करणाऱ्या यंत्रणेकडे सोपवण्याकडे कल दिसतो, आणि तो स्वागतार्ह आहे. व्हीआरनेटलॅबचा कंटेनर आपली प्रकृती डॉकरला कळवतो. कंटेनरलॅबमध्ये एक नोड सुदृढ झाल्याचे कळल्यावरच दुसऱ्याने पुढील टप्पा गाठावा असे नोंदवता येते. कुबरनेटिसने २०१९ साली १.१६ या आवृत्तीत आरंभ-तपासणीचा स्वतंत्र प्रकार आणला तो याच उद्देशाने, की सावकाश उठणाऱ्या प्रोग्रामला मेलेला समजून मारले जाऊ नये. उठत आहे, सिद्ध आहे आणि बिघडला आहे या तीन अवस्था वेगळ्या ओळखणे हे या साऱ्यांतील समान तत्त्व. मात्र सुदृढ या शेऱ्याचा अर्थ इमेज बनवणाऱ्याने जो ठरवला तोच असतो. व्हीएमएक्ससारख्या राउटरच्या बाबतीत तो लॉगिनपुरता आहे की इंटरफेसपर्यंत पोहोचतो, हे तपासून घेतल्याविना त्यावर विसंबू नये.

संपर्क झाला, आज्ञा चालली, तरी नेटवर्क सिद्ध झाले असे नाही. ओएसपीएफमध्ये प्रसारण-प्रकारच्या नेटवर्कवर प्रमुख राउटरची निवड होण्यापूर्वी, शेजारी मृत मानण्याच्या मुदतीइतकी, म्हणजे प्रचलित मूल्यांनी ४० सेकंद, वाट पाहिली जाते. जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्ट ऐकण्याच्या आणि शिकण्याच्या अवस्थांत प्रत्येकी १५ सेकंद घालवते. आणि बीजीपीचा पहिला प्रयत्न शेजारी उठण्यापूर्वीच फसला, तर दुसऱ्या प्रयत्नासाठी प्रमाणित सुचवणीप्रमाणे १२० सेकंदही जाऊ शकतात. म्हणून शेजारसंबंध पूर्णावस्थेला पोहोचला, अपेक्षित मार्ग कोष्टकात आला, अशा अटींवर थांबणारी दुसरी प्रतीक्षा चाचणीत हवी. ही प्रतीक्षा पहिल्या प्रतीक्षेत मिसळून टाकू नये. कारण पहिली राउटरच्या बूटविषयी बोलते, दुसरी आपल्या संरचनेविषयी, आणि चाचणीचा खरा विषय दुसरीच असते.

मुळात प्रतीक्षाच टाळता येईल का, हाही प्रश्न विचारार्ह आहे. पहिला बूट एकदाच करून त्या अवस्थेतील डिस्क जपून ठेवणे, किंवा मेमरीसह सारी अवस्था गोठवून क्षणार्धात पूर्ववत करणे, हे क्यूएमूत शक्य आहे. पण गोठलेले राउटर जागे होतात ते जुने घड्याळ, जुन्या किल्ल्या आणि कधी एकसारखे पत्ते घेऊन, आणि त्यांचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. एकच नेटवर्क अनेक चाचण्यांत वापरले तर वेळ वाचतो, परंतु एका चाचणीचे अवशेष दुसरीच्या निकालात डोकावतात. कंटेनरात चालणारे राउटर जलद उठतात, मात्र प्रत्यक्ष उपकरणाची पॅकेट पुढे धाडण्याची यंत्रणा त्यांत नसते. ज्या प्रश्नांना राउटर चालवण्याची गरजच नाही, उदाहरणार्थ एखादी प्रवेश-यादी अमुक वाहतूक अडवते की नाही, ते बॅटफिशसारख्या साधनाने संरचना नुसती वाचूनही सोडवता येतात. तेवढे काम तिकडे वळवले तर उरलेल्या चाचण्यांना आवश्यक तेवढी उसंत देता येते.

प्रतीक्षेच्या या साऱ्या तंत्रांविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे: सहनशील स्क्रिप्ट खरा दोष झाकून टाकते. राउटर एकदा कोसळला, आपोआप पुन्हा उठला, आणि स्क्रिप्टने सौजन्याने वाट पाहून चाचणी उत्तीर्ण केली, तर जो दोष पकडण्यासाठी चाचणी लिहिली तोच तिच्या हातून निसटला. यावर उपाय म्हणजे प्रतीक्षेची नोंद ठेवणे. किती प्रयत्न झाले, प्रत्येक पायरीस किती काळ लागला, राउटर स्वतःच्या हिशेबाने किती वेळ चालू आहे आणि ती वेळ आपल्या हिशेबाशी जुळते का, हे निकालाबरोबर दफ्तरी दाखल झाले, तर कोसळून उठलेला राउटर त्या नोंदीतून उघडा पडतो. आणि नव्या आवृत्तीचा बूट हळूहळू लांबत चालला असेल तर तेही लक्षात येते. मुदत संपून चाचणी फसली, तर नुसता कालबाह्य असा शेरा न मारता राउटर कोणत्या पायरीवर होता आणि कन्सोलवर शेवटचे काय उमटले, ही कैफियत निकालासोबत जोडावी. रात्री चाललेल्या चाचणीचे अपयश सकाळी पाहणाऱ्या अभियंत्याला बहुधा दुसरा साक्षीदार मिळत नाही.

या सर्व उपायांची तुलना केल्यावर निष्कर्ष असा निघतो की, सेकंद हे या प्रश्नातील गौण परिमाण आहे. चाचणीतील प्रत्येक प्रतीक्षेसोबत तीन गोष्टी लिहून ठेवल्या पाहिजेत: ती कोणत्या अटीची आहे, ती अट कोणत्या मुदतीत पूर्ण व्हावी, आणि न झाल्यास पुढच्या माणसाला काय कळवावे. बॅनर, लॉगिन, इंटरफेस, शेजारसंबंध, मार्ग, या अटी चाचणीच्या गरजेनुसार शिडीप्रमाणे रचाव्यात आणि ज्या पायरीची गरज नाही तेथे थांबू नये. उत्पादकांनीही, सर्व व्यवस्था सिद्ध झाली असे सांगणारा एक निःसंदिग्ध संकेत आपल्या इमेजमध्ये ठेवला, तर कन्सोलवरील शब्द जुळवण्याच्या खटाटोपाचा बराच भाग निकालात निघेल. परंतु तो संकेत सर्वत्र येईपर्यंत, कशाची वाट पाहत आहोत हे ज्या स्क्रिप्टला सांगता येत नाही, तिच्या उत्तीर्णतेवर विसंबून प्रत्यक्ष नेटवर्कला हात लावू नये, हा नियम पाळणेच श्रेयस्कर होय.